जरा उडवा की, दादा!

मध्यमवर्गीय घरात डीएसएलआर येतो तो बाळाच्या नावाने. बारसं, उष्टावण, पहिला वाढदिवस अशी यादी बायकोला वाचून दाखवली जाते आणि हप्ते सुरू होतात. बाळ रांगायला लागेपर्यंत लेन्सची बॅग बाळाच्या बॅगेपेक्षा मोठी झालेली असते.

बाळाचे फोटो आता आई मोबाईलवर काढते.

बाबा भिगवणला गेलेत.

कॅमेऱ्याबरोबर मिळालेली अठरा-पंचावन्न दोन महिन्यांत कपाटात जाते. मग सत्तर-तीनशे येते. मग ग्रुपवर कुणीतरी सांगतं की तीनशेत काही राम नाही, की दीडशे-सहाशे. छोट्या सेन्सरवर सहाशेचे निकॉनला नऊशे होतात आणि कॅननला नऊशे साठ, हे गणित प्रत्येकाला तोंडपाठ. तरी खंड्या फोटोत ठिपक्याएवढाच. खंड्या रोज त्याच फांदीवर येतो, फक्त त्याच्या आधी तिथे जाऊन गप्प बसायचं असतं. हे काही दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

एवढ्यात बाजारात नवीच आवई उठते. आरशाचे कॅमेरे गेले! कॅनन आणि निकॉन दोघांनीही आपले शेवटचे बिनीचे डीएसएलआर २०२० मध्ये आणले आणि मग सगळा जोर मिररलेसवर लावला. ते म्हणे पक्ष्याचा डोळा आपोआप शोधतात. छान आहे. पण कुठल्या झाडाकडे बघायचं हे अजूनही माणसालाच शोधावं लागतं, याबद्दल जाहिरातीत अवाक्षर नाही.

खरं तर डीएसएलआर घ्यायची हीच वेळ. ज्यांना नवं हवंय ते जुनं फुंकून टाकतायत. 'शटर काउंट किती?' एवढा एक प्रश्न विचारायचा, लेन्स उजेडात धरून आत बुरशी नाही ना ते बघायचं आणि सौदा करायचा. भिंगातून दिसतो तो खरा पक्षी, पडद्यावरचा नाही. एक बॅटरी दिवस काढते. शटरचा खटका जरा मोठा वाजतो, तेवढं सोसायचं. तुमचं मॉडेल बंद झाल्याचं वेड्या राघूला अजून कुणी कळवलेलं नाही.

हौशी फोटोग्राफरकडे एक चैन असते. पगारी फोटोग्राफरला ती जन्मात परवडत नाही. याचा फोटो कुणालाच नको असतो! संपादक खोळंबलेला नाही, पैसे मोजणारा कुणी नाही, सोमवारी सकाळी हिशेब मागणारा नाही. मिळाला तर मिळाला, नाही तर पोहे खाऊन घरी. एवढी मोकळीक असताना हा माणूस वागतो कसा? रात्री मुखपृष्ठ छपाईला जायचंय असा.

भिगवण घ्या. उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, भीमेचा फुगवटा पसरला आणि त्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित उतरू लागले. कुंभारगावचे मासेमार होडीतून लोकांना पक्षी दाखवू लागले. सगळ्यांचंच भलं झालं. अंधारात पुणं सोडायचं, सोलापूर रस्त्यावर चहा, उजाडताना पाण्यावर, दुपारी चिलापीचं कालवण आणि भाकरी. याहून बरा रविवार कुठला?

होडी थव्यापासून लांब थांबते. दादा इंजिन बंद करतात आणि बांबू गाळात रोवून होडी धरून ठेवतात. समोर रोहित चरतायत. पायांनी चिखल ढवळायचा, मान खाली सोडायची, चोच चक्क उलटी पाण्यात. चोचीच्या कडेची जाळी पाणी बाहेर टाकते आणि बारीक जीव आत ठेवते. हा कारभार बघत तासभर सहज जावा. दहा मिनिटं जातात. मग मागच्या फळीवरून आवाज येतो.

"जरा उडवा की, दादा!"

उभा रोहित काय, सगळ्यांकडे असतो. पंखाखालचा गुलाबी-लाल आणि काळा हवा. आता रोहिताला जागच्या जागी उडता येत नाही. पाण्यावर धावत जाऊन, जड अंग रेटत उठावं लागतं. म्हणजे चरणं बंद, पळापळ सुरू. टेकतोय न टेकतोय तोच दुसरी होडी. मग तिसरी. प्रत्येकीत एक मुखपृष्ठवाला.

हे बरं नाही हे दादांना आपल्याआधी कळलेलं असतं. पण नाही म्हटलं तर पुढच्या रविवारी गिऱ्हाईक शेजारच्या होडीत. मग दोष कुणाचा? अर्थात दादांचा! संध्याकाळी ग्रुपवर तसं सविस्तर लिहिलं जातं. होडीवाल्यांना शिस्त नाही. सोबत उडत्या रोहितांचे अकरा फोटो.

ताडोबाची तऱ्हा निराळी. झाडीत मिसळून जावं म्हणून लष्करी रंगाचा शर्ट, लष्करी रंगाची टोपी, लेन्सलाही त्याच कापडाचा अंगरखा. आणि एवढा जामानिमा करून माणूस उभा कुठे? भर रस्त्यात, उघड्या जिप्सीत, वेफर्सच्या पुडीसकट.

वाघ आंधळा नसतो.

परतल्यावर रिसॉर्टच्या फाटकातच विचारणा. "साइटिंग झालं?" "छे हो, काहीच दिसलं नाही!" काहीच म्हणजे काय काय? गव्यांचा कळप. मोहाखाली अस्वल. रानकुत्र्यांची टोळी. तलावाच्या काठाला पडलेली मगर. फांदीवर पंख वाळवत बसलेला सर्पगरुड. १९५५ पासून राखलेलं, राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. एवढं सगळं 'काहीच'मध्ये जमा.

आता जरा आकडे बघा. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर फोटो काढले. त्यातले वाघाचे ७६,६५१. म्हणजे हजारात दोन. तेही रात्रंदिवस झाडाला बांधलेल्या, न खाणाऱ्या, न बोलणाऱ्या यंत्राला. आणि आपल्याला तो शनिवार-रविवारच्या दोन सफारींत हवा. समोरून येणारा. मान किंचित वळवलेला. सोनेरी उन्हात.

वाघांची नावं मात्र पाठ. माया, मटकासूर, जुनाबाई, छोटा मटका. कुणाची कुणाशी जोडी, कुणाचा इलाखा कुणी बळकावला, कुणाची पिल्लं कुणी मारली, सांगताना आवाज कातर होतो. याच माणसाला शेजाऱ्याचं नाव विचारा.

"ते... तिसऱ्या मजल्यावरचे ना?"

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. पुढे गाड्या, मागे गाड्या, मध्ये आई आणि पोरं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. गाइड आणि चालकांवर कारवाई झाली.

गाड्या काय रिकाम्या होत्या?

एवढं लांब जायला नको. सिंहगडाच्या दरीत उन्हाळ्यात ओढ्याची डबकी तेवढी उरतात आणि अख्ख्या रानातली पाखरं पाण्याला तिथे येतात. स्वर्गीय नर्तक आपली लांबलचक पांढरी फीत सांभाळत आंघोळीला उतरतो, दोन बुड्या मारतो, वर जातो, पुन्हा उतरतो. डबक्यासमोर ट्रायपॉडांची गर्दी अशी, की लालबागच्या राजाची रांग बरी. पाण्यात कुणीतरी सुबकशी काटकी रोवलेली, शेवाळ्याची बाजू कॅमेऱ्याकडे. मग सगळ्यांचा फोटो एकच. तोच पक्षी, तीच काटकी, मागे तोच हिरवा धुरळा.

काटकीला श्रेय कुणी देत नाही.

काही जण याहून हुशार. त्यांच्या खिशात ब्लूटूथ स्पीकर. पावसाच्या तोंडावर नवरंग आला की त्याला त्याचीच शीळ ऐकवायची. त्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. किडे टिपायचे सोडून तो छाती काढून समोरच्या फांदीवर येतो. खटाखट खटाखट. काम झालं, स्पीकर पुन्हा खिशात. नवरंग बसलाय शत्रू शोधत. फोटोखाली ओळ काय? 'निसर्गाच्या सान्निध्यात एक निवांत सकाळ.'

निवांत कुणाची?

कोकणात पाऊस लागला की तिबोटी खंड्याची वीण सुरू होते. एवढासा जीव, अंगावर रंगांची दिवाळी, मातीच्या दरडीत बीळ करून राहतो. पिल्लांना पाली, सापसुरळ्या, बेडूक आणून घालतो. दरडीसमोर लेन्सा लागल्या की तो बिळात जायला धजत नाही. चोचीत पाल धरून फांदीवर अडकून बसतो. आत पिल्लं उपाशी. चोचीत पाल धरलेला तो फोटो सगळ्यांनाच फार स्वच्छ मिळतो. कारण पक्षी बराच वेळ हलत नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा चाळून बघा. त्यात 'शिकारी'ची व्याख्या दिली आहे. पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं त्या व्याख्येतच बसवलेलं आहे. म्हणजे पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वीच्या बंदूकवाल्या साहेबांना नावं ठेवत दरडीसमोर बसलेले आपले पर्यावरणप्रेमी कायद्याने कोण ठरतात?

आंबोलीची गोष्ट दोन वाक्यांत सांगतो. राज्यात सर्वाधिक पाऊस जिथे पडतो त्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक, आणि तिथे भर पावसाळ्यात, बेडूक ओला दिसावा म्हणून लोक सलूनमधला पाण्याचा फवारा घेऊन जातात! चापडा दिसला की त्याला काठीने 'जरा डावीकडे' घेतात, आणि हा साप विषारी आहे हे साहेबांना तो डावीकडे गेल्यावर आठवतं.

काजवे? झाडभर चमचमणारा जो फोटो बघून तुम्ही भंडारदऱ्याला निघालात, तो बहुतेकदा एकामागोमाग काढलेले ढीगभर फोटो एकावर एक चढवून केलेला असतो. डोळ्यांना तेवढा झगमगाट दिसायचा नाही. दिसला असता थोडाफार, पण मागून एक गाडी हेडलाइट लावून काजवे शोधत येतेय.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं कुणी समजू नये. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा जगात मानाची. २००९ मध्ये पहिलं बक्षीस मिळालं ते रात्री फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याला. पुढच्या जानेवारीत ते काढून घेतलं. लांडगा रानातला नसून माणसाळलेला असावा, असं परीक्षकांचं मत पडलं. २०१८ मध्ये तर वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊचा आदल्या वर्षीचा विजेता फोटो बाद झाला. हा प्राणी पेंढा भरलेला असल्याची तज्ज्ञांची खात्री पटली. दोन्ही फोटोग्राफरांनी आरोप नाकारले, ते असो. त्यांच्यापुढे निदान जागतिक बक्षीस तरी होतं. इथे सगळा आटापिटा 'कडक टिपलंय सर' यासाठी.

आणि कामाची तऱ्हा बघायची तर शंभर वर्षं मागे जा. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वनाधिकारी तेव्हाच्या संयुक्त प्रांतात होता. आसपासचे साहेब वाघावर गोळ्या झाडत होते आणि हा गडी वाघाच्या वाटा वाचत हिंडत होता. पाणी कुठे, ठसे कुठे, पायवाट कुठून वळते. मग त्या वाटेवर तार बांधायची. वाघाचा पाय तारेला लागला की लख्ख उजेड आणि फोटो. १९२७ मध्ये त्याचं 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' आलं. ना पाठलाग, ना घेराव. फोटो वाघानेच काढला.

तिथे रात्रीतून मोठ्या मुश्किलीने एक फोटो. इथे सेकंदाला दहा. मग घरी येऊन त्या दहांतला बरा कुठला, यावर निम्मी रात्र.

मग काय, घरी बसायचं? छे! मजा कुठे आहे तेवढं बघायचं. हिवाळा सरता सरता काटेसावर फुलते. झाडाला पान औषधाला नसतं, नुसती लाल फुलं. अशी सावर शाळेच्या मैदानामागे असते, रेल्वेच्या हद्दीत असते, एमआयडीसीच्या कुंपणाला असते. सकाळी सातला झाडापासून जरा दूर, सूर्य पाठीशी घेऊन बसायचं. आधी बुलबुल येतात. मग कोतवाल येतो आणि सगळ्यांना दटावतो. शिंजीर फुलाच्या कडेला लोंबकळतो. चष्मेवाल्यांची टोळी येऊन जाते. मग भोरड्यांची धाड पडते, फुलात डोकं खुपसून बाहेर काढतात ते परागाने माखलेलं. भांडणं, ढकलाढकली, फुलावरची मालकी. मधूनच खार येऊन फूलच तोडून खाली टाकते. कुणाला बोलवायचं नाही, कुणाला उडवायचं नाही. झाडाने सगळी व्यवस्था केलेली असते.

फाटकात तिकीट नाही. त्यामुळे गर्दीही नाही.

शिकायचंय? गावतळ्यावरच्या बगळ्याकडे जा. बगळा पांढरा, मागचं पाणी काळपट. कॅमेरा सरासरी काढणारा प्राणी, त्याला एवढा काळोख सहन होत नाही. तो उजेड वाढवतो आणि बगळ्याच्या जागी पांढरं भोक उरतं. पीस नाही, पंख नाही. मग उजेड आपण होऊन कमी करायचा. एक घर, कधी दीड. की मानेवरच्या पिसांच्या रेघा मोजून घ्या. उजळ आकाशापुढे तारेवर कोतवाल बसला की नेमकं उलट, नाहीतर तो नुसती काळी सावली. बगळा आणि कोतवाल मिळून हे एका सकाळीत फुकट शिकवतात. शहरात यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा असते. जेवणासकट.

साडेआठ-नऊनंतर कॅमेरा पिशवीत घालायचा. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही नेम धरला तरी मऊच येतो. मग बोंब काय? लेन्स सॉफ्ट आहे. लेन्स सर्व्हिस सेंटरला जाते. तिथे तिला काही झालेलं नसतं.

आणि पोटावर झोपायचं. याला पर्याय नाही. उभं राहून काढलेली टिटवी म्हणजे चिखलाचा फोटो आणि त्यात एक टिटवी. तिच्या डोळ्याच्या उंचीवर आलात की तीच टिटवी डोळ्याभोवतीची लाल किनार, डोळ्यापुढचं लाल बोंड घेऊन तुमच्याकडे रोखून बघते. शर्टाला गाळ, कोपराला काटे, नाकाशी शेळ्यांच्या लेंड्या. हे फोटोत येत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

असं पालथं पडलेलं असताना बांधावर धोतराचा काठ आणि वहाणा येऊन उभ्या राहतात.

"मोजणी आली का?"

"नाही काका."

"मग रस्ता कुठनं चाललाय?"

"रस्ता नाही. पाखरांचे फोटो काढतोय."

"कशाचा, त्या टिटवीचा?" काका बराच वेळ विचार करतात. "पुण्याहनं आलाय?" मग वळता वळता सांगतात, "त्या अंगाला जाऊ नगा. अंडी घातल्यात तिनं."

काकांनी १९७२ चा कायदा वाचलेला नव्हता.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. चामड्याच्या ऐटदार केसमध्ये घालून, कपड्यांच्या कपाटात जपून ठेवलेल्या लेन्सला हमखास बुरशी लागते. मग कुणीतरी म्हणतं, तांदळाच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या जुलैत तांदूळच दमट असतो, वर त्याचा भुगा लेन्सच्या सांध्यात. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की नव्या घालायच्या, एवढं पुरतं. याहून स्वस्त उपाय म्हणजे लेन्स अधूनमधून बाहेर काढून वापरायची. बुरशीला उजेड आणि वारा सोसत नाही. पण पावसात वाघ दिसत नाही ना!

पावसात काय दिसतं हे ज्याला माहीत नाही, त्याच्या खांद्यावर सहाशेची लेन्स असते. मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून पाखरांची नावं गोळा केली, पुढे 'पक्षिकोश' सिद्ध केला. आज ग्रुपवर फोटो पडतो, खाली लिहिलेलं असतं: कॅमेरा अमुक, लेन्स तमुक, आयएसओ आठशे, शटर दोन हजारावा भाग. शेवटी एक ओळ. 'पक्षी कोणता, कुणी सांगेल का?'

पक्षी बहुधा साळुंकी असते.

२०२३ मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. ९४२ जातींचा लेखाजोखा, आणि तो मांडला ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून. पगार कुणालाच नव्हता. कुठला पक्षी कमी होतोय, कुठला वाढतोय, हे अशाच रविवारी बाहेर पडणाऱ्या लोकांच्या नोंदवह्यांतून कळलं. ओळख पटवायला हललेला, धूसर, अर्धी शेपूट कापलेला फोटोही चालतो. सोबत तारीख आणि गाव असलं की झालं. आपला हौशी माणूस घरी आल्यावर पहिल्यांदा डिलीट करतो तो नेमका हाच फोटो.

आणि ठेवतो कुठला? तोच उडता रोहित, तोच काटकीवरचा नर्तक. त्यावर मग नाव टाकायचं. साधं नाही, 'अमुकतमुक वाइल्डलाइफ फोटोग्राफी', झुपकेदार अक्षरांत, शेजारी वाघाचा पंजा. कोपऱ्यात टाकलं तर कुणी कापून घेईल, म्हणून थेट पक्ष्याच्या पोटावरून आडवं. असं का, म्हणून विचारा. उत्तर येतं, फोटो चोरीला जातात हो!

जो कुणी मागितला नाही तो चोरणार कोण? आणि खरंच कुणी चोरलाच, तर पोलिसांत जाऊ नका राव. पेढे वाटा.